सुपरमार्केटमधला सैनिक

‘द हर्ट लॉकर’ (2008) मधला सार्जंट जेम्स इराकमध्ये बॉम्ब निकामी करतो. मुदत संपवून घरी आल्यावर एक दिवस तो सुपरमार्केटात सीरिअल घ्यायला जातो. समोर रंगीबेरंगी खोक्यांची लांबच लांब भिंत. मातीत पुरलेल्या वायरी शोधून काढणारा हा गडी तिथे मख्खासारखा उभा राहतो आणि शेवटी हाताला येईल ते खोकं गाडीत टाकतो. घरी भाजी चिरणाऱ्या बायकोला तो इराकमधल्या स्फोटाबद्दल सांगायला लागतो. ती त्याच्या हातात गाजरं देते. पुढे तो पुन्हा इराकमध्ये. दिग्दर्शक कॅथरिन बिगेलोने रंगवलेले स्फोट आता मला नीटसे आठवत नाहीत. ती खोकी आठवतात.

घरी परतलेल्या सैनिकाचं हे बावचळणं अमेरिकी पडद्यावर 1946 मध्येच आलं होतं. दिग्दर्शक विल्यम वायलर स्वतः युद्धातून कानाने अधू होऊन आला होता. त्याच्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’मध्ये होमरची भूमिका हॅरॉल्ड रसेलने केली. तो नट नव्हता. लष्करी प्रशिक्षणात स्फोट होऊन त्याचे दोन्ही हात गेले होते. रात्री होमर प्रेयसीला आपल्या खोलीत नेतो, कृत्रिम हातांचे आकडे काढून ठेवतो आणि सांगतो, आता दार लागलं तर मला ते उघडता येणार नाही. ती त्याच्या शर्टाची बटणं लावते. त्याच चित्रपटातला, हवाई दलातून परतलेला फ्रेड भंगारात निघालेल्या बॉम्बर विमानात चढून बसतो. विमानाची इंजिनं काढून नेलेली आहेत, तरी याला घाम फुटतो.

त्याच सुमारास जॉन ह्यूस्टनने लष्करी इस्पितळातल्या, मनाने खचलेल्या सैनिकांवर ‘लेट देअर बी लाइट’ हा माहितीपट केला. तो लष्करानेच काढायला लावला आणि बनल्यावर लष्करानेच दाबून ठेवला. 1980 च्या अखेरीस बंदी उठली. गंमत अशी, की आघातानंतरच्या या मनोविकाराचं ‘पीटीएसडी’ हे नाव अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत आलं तेही 1980 मध्येच.

त्याआधी व्हिएतनामचं युद्ध होऊन गेलं होतं. 1978 च्या ‘द डिअर हंटर’मधल्या रशियन रूलेटचा फार बोलबाला झाला. मला त्यातली टॅक्सी जास्त खरी वाटते. युद्धावरून मायकेल गावी येतो, स्वागताला जमलेली माणसं लांबून पाहतो, ड्रायव्हरला गाडी पुढे घ्यायला सांगतो आणि रात्र मोटेलात काढतो. ‘फर्स्ट ब्लड’च्या (1982) शेवटी व्हिएतनामहून परतलेला रॅम्बोही लहान पोरासारखा रडतो. पुढच्या भागात त्याच्या हातात पुन्हा शस्त्रं दिली आणि तो रडणारा माणूस कायमचा हरवला. आपल्याकडे नाना पाटेकरच्या ‘प्रहार’मधला (1991) मेजर याच वाटेवरचा. मात्र त्याचा राग समाजावर आहे, झोप उडालेल्या रात्रींवर नाही.

डेब्रा ग्रॅनिकच्या ‘लीव्ह नो ट्रेस’मध्ये (2018) लढाईचं एकही दृश्य नाही. पोर्टलंडजवळच्या जंगलात माजी सैनिक असलेला बाप आणि त्याची मुलगी तंबूत राहतात. सरकार त्यांना घर देतं, पण बापाला छताखाली राहवत नाही. भटकत भटकत दोघं एका वस्तीत येतात, तिथे मुलीचा जीव रमतो. तिथली एक बाई रानात एकट्याच राहणाऱ्या कुणासाठी शिध्याची पिशवी झाडाला टांगून ठेवत असते. बाप निघून जातो. मग एक दिवस मुलगी तशीच पिशवी घेऊन रानात जाते आणि झाडाला अडकवते.