काचेच्या टाकीतील वनस्पतींना फुले का येत नाहीत?

घरी मत्स्यालय बाळगणाऱ्या हौशी माणसाची एक तक्रार नेहमी ऐकू येते. टाकीतील मासे खेळतात, वनस्पतींची पाने हिरवीगार असतात, नवे फुटवेही येतात. परंतु वर्षामागून वर्षे गेली तरी एखादी कळी म्हणून दृष्टीस पडत नाही. तीच वनस्पती गावाबाहेरच्या तळ्यात मात्र मोसम येताच फुललेली आढळते. अशा वेळी रोपे विकणारास किंवा नळाच्या पाण्यास दोष देण्याची प्रवृत्ती असते. खरे कारण बहुधा वेगळेच असते. ती वनस्पती आपल्या मूळ जलाशयात वर्ष कसे घालविते याची विचारपूस कोणी केलेली नसते.

फुलणे हा वनस्पतीच्या दृष्टीने खर्चाचा व्यवहार आहे, आणि ज्याच्या गाठीस शिल्लक नाही त्याने खर्च कशातून करावा? ही शिल्लक प्रकाशापासून निर्माण होते. खिडकीपासून दूर ठेवलेल्या टाकीत मनुष्यास पुरेसा वाटणारा उजेड वनस्पतीस जेमतेम जगण्यापुरता असतो. शिवाय पाणी प्रकाशातील तांबडे किरण प्रथम शोषून घेते, त्यामुळे टाकी जितकी खोल तितकी तळाशी उपासमार अधिक. दिवसाकाठी दहा ते बारा तास चांगला उजेड मिळाला पाहिजे. त्याहून अधिक वेळ दिवा जाळल्यास लाभ होतो तो बहुधा शेवाळाचा. दिवसाची लांबी ही स्वतःच काही वनस्पतींना फुलण्याची सूचना देते, ही गोष्ट अमेरिकेतील गार्नर आणि अॅलर्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांनी दाखवून दिली होती. म्हणून दिवा आज सहा तास आणि उद्या पंधरा तास लावणे इष्ट नाही.

दुसरी अडचण कार्बन डायॉक्साइड वायूची. हा वायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारावा हिस्सा वेगाने तो पाण्यात पसरतो. पानालगतचा साठा संपला की नवा येण्यास विलंब लागतो. पाणी संथपणे फिरत राहिल्यास ही उणीव काही अंशी भरून निघते. परंतु हवेच्या पंपाने पाणी सतत खळखळत ठेवल्यास त्यात विरघळलेला जादा वायू उलट निघून जातो. सारांश, माशांना जे मानवते ते सर्वच वनस्पतींना मानवते असे नाही.

आता एक ठळक उदाहरण घेऊ. फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया ही वनस्पती भारतातील तळ्यांत व संथ ओढ्यांत आढळते आणि मत्स्यालयातही तिचा प्रसार मोठा आहे. हिच्या नर व मादी वनस्पती वेगवेगळ्या असतात. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली याने १७२९ साली तिचे वर्णन केले तेव्हा नर व मादी ह्या दोन निराळ्या प्रजाती समजून त्याने त्यांस दोन नावे दिली होती. पुढे लिनीअसने त्या एकत्र आणल्या. मिकेलीची ही चूक क्षम्य होती, कारण दोहोंची फुले पाहिल्यास ती एका घरची आहेत असे कोणासही वाटणार नाही.

मादीचे फूल एका बारीक, लांब देठावर असते. हा देठ पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत वाढत जातो आणि फूल तेथे तरंगत उमलते. नराची फुले मात्र पानांच्या बुडाशी एका लहानशा आवरणात शेकड्यांनी दाटलेली असतात व टाचणीच्या टोकापेक्षा फारशी मोठी नसतात. आवरण फाटले की ही फुले देठापासून सुटून बुडबुड्याप्रमाणे वर येतात, पृष्ठभागावर उघडतात, आणि आपल्या वळलेल्या पाकळ्यांवर इवल्या होड्यांप्रमाणे वाहू लागतात. मादीच्या फुलाच्या भाराने पाण्याच्या पृष्ठभागावर किंचित खळगा पडलेला असतो. जवळून जाणारी होडी त्या उतारावरून घसरते आणि तिचे पुंकेसर मादीच्या कुक्षीला टेकतात. परागणानंतर देठ मळसूत्राप्रमाणे वेटोळे घेतो व फळ पाण्याखाली ओढून नेतो.

हा सर्व प्रकार ध्यानात घेतला की मत्स्यालयात काय चुकते ते आपोआप कळते. लग्नाचा मांडव पाण्याच्या पृष्ठभागावर आहे. तेथे पंपाचे बुडबुडे फुटत असतील, तेलकट साय धरली असेल, किंवा तरंगत्या वनस्पतींनी सारी जागा व्यापली असेल तर कार्य पार पडणे कठीण. फुलण्याच्या दिवसांत पंप दिवसा काही तास बंद ठेवावा (मासे मोजकेच असतील तरच), आणि पृष्ठभागावर कोरा कागद टेकवून साय उचलून घ्यावी.

याहून मोठी अडचण निराळीच आहे व ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. एका रोपापासून धावत्या खोडांच्या द्वारे झालेली सर्व रोपे आईच्याच लिंगाची असतात. बाजारातून आणलेल्या एका जुडीने टाकी भरून गेली तरी ती सगळी मादीच, अथवा सगळी नरच, असण्याचा संभव दाट असतो. अशा टाकीत फुले येतील, बी मात्र कधीच धरणार नाही. यावर उपाय एकच: निराळ्या तळ्यातून निराळी रोपे मिळवावी.

ॲपोनोजेटॉनची गोष्ट वेगळी आहे. ह्या कंदवर्गीय वनस्पतींच्या अनेक जाती पावसाळी डबक्यांत वाढतात व पाणी आटले की कंदरूपाने चिखलात झोपी जातात. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर आढळणारी व १९८२ साली शास्त्रीय नाव मिळालेली ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस ही जात यांपैकीच. आशियातील जातींत फुलांचा तुरा बहुधा एकेरी असतो. हिचा दुभंगलेला असतो. अशा वनस्पतीस बारा महिने कोमट पाण्यात जागे ठेवल्यास दोन-तीन वर्षांत कंद क्षीण होतो आणि मालक म्हणतो, रोप नाजूक होते. पाने पिवळी पडू लागली की कंद काढून ओलसर वाळूत, थंड जागी दोन-तीन महिने ठेवावा. पुन्हा लावल्यावर नव्या पानांमागोमाग तुरा येण्याची आशा असते. घरात कीटक नसल्याने मऊ कुंचला काही दिवस रोज तुऱ्यावरून फिरवावा लागतो. दुर्मिळ जातींचे कंद रानातून उपटून आणणे मात्र सर्वथा अयोग्य. कासच्या वनस्पतीचे सारे क्षेत्रच थोडे आहे.

क्रिप्टोकोरिन बुडालेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे नुसती पाने देते. भारतातील तिच्या जाती नदीच्या पात्रात वाढतात, पावसाळ्यात बुडतात आणि पाणी ओसरल्यावर फुलतात. म्हणून तिच्या बाबतीत टाकीचा हट्ट सोडावा. रोप मातीच्या कुंडीत, मुळे पाण्यात व पाने बाहेर अशा रीतीने ठेवावे आणि हवा दमट राहण्यासाठी वर काच झाकावी. हा बदल मात्र सावकाश करावा, कारण परिस्थिती एकाएकी पालटली की हिची सर्व पाने वितळल्यासारखी गळून पडतात. तसे झालेच तर रोप फेकू नये. मूळ जिवंत असते व काही आठवड्यांत नवी पाने फुटतात.

वाढ जोमाने होऊ लागली की छाटलेल्या फांद्यांचे काय करावे, हा प्रश्न उरतो. त्या उन्हात वाळवून खतात घालाव्या. ओढ्यात किंवा तळ्यात कधीही टाकू नयेत. मत्स्यालयांसाठी आणलेली मूळची दक्षिण अमेरिकेतील कॅबोम्बा ही वनस्पती केरळातील कालव्यांत व तळ्यांत शिरली असून तेथे तिला गुलाबी फुलांचा बहर येतो. पाहण्यास तो मोहक असला, तरी त्याखालचे पाणी तुंबून राहते आणि स्थानिक वनस्पतींना जागा उरत नाही.