थरथरत्या हातास हात हवा

रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या अंगणात माणसे घोळक्याने उभी राहतात. पीकपाण्याच्या, लग्नकार्याच्या गोष्टी निघतात. अशा वेळी नित्य दिसणारे एखादे वृद्ध गृहस्थ दिसेनासे झाले, तर आपण चौकशी करतो. "त्यांना कंपवात झाला आहे, ते आता बाहेर पडत नाहीत," असे उत्तर मिळते व विषय तेथेच संपतो. आमच्या मते, खरा विषय तेथूनच सुरू व्हावयास हवा.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकारावर निबंध लिहिला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या काही पेशी 'डोपामिन' नावाचे द्रव्य तयार करतात. त्या हळूहळू नष्ट होऊ लागल्या म्हणजे हात कापतो, अंग ताठरते, चाल मंदावते. रोग समूळ नाहीसा करणारे औषध अद्याप नाही; तथापि गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या आणि चालणे-फिरणे चालू ठेवले, तर रोगी पुष्कळ वर्षे बऱ्यापैकी जगू शकतो.

परंतु माणसास एकटे पाडण्यात हा रोग मोठा कावेबाज आहे. चेहऱ्याचे स्नायू ताठरल्याने हसू उमटत नाही. पाहणाऱ्यास वाटते, बाबा रागावले आहेत. आवाज क्षीण होतो. मग पाहुणे बाबांशी न बोलता, बाबांविषयी सुनेशी बोलतात. चहाचा पेला हिंदकळतो, लाळ गळते. लाजेने रोगी स्वतःच माणसांत येणे सोडतो. घरी बसल्याने स्नायू अधिक आखडतात; बोलण्याची सवय सुटल्याने आवाज आणखी खोल जातो. गोळीची वेळ चुकते, ताटातले अन्न तसेच राहते, झोप उडते. उदासीनता हे तर या रोगाचेच एक अंग. एकटेपणा तिला खतपाणी घालतो.

२०२० साली अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ज्या रोग्यांना एकटेपणा जाणवत होता त्यांनी आपली लक्षणे इतरांहून अधिक तीव्र असल्याचे सांगितले. एकटेपणाने रोग वाढतो की रोगामुळे एकटेपणा येतो, हे अशा पाहणीवरून ठरत नाही. बहुधा दोन्ही एकमेकांस ओढीत नेतात. म्हणूनच सोबत ही केवळ दया नव्हे. ती औषधाच्या जोडीची शुश्रूषा होय. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तेथे रोगी व त्यांचे आप्त एकत्र जमतात, ते याचसाठी.

परमगुरू पोप जॉन पॉल दुसरे यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. १९८६ च्या फेब्रुवारीत ते गोव्यात आले, तेव्हा ते धडधाकट होते. पुढे त्यांना हाच रोग जडला. हात थरथरत, मान वाकलेली, शब्द अडखळत; तरी ते लोकांसमोर येतच राहिले. २७ मार्च २००५ रोजी पुनरुत्थानाच्या सणादिवशी ते खिडकीत आले, पण तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी मूकपणेच आशीर्वाद दिला. २ एप्रिल रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा खाली चौकात हजारो भाविक प्रार्थना करीत होते. त्यांनी आपले आजारपण लपविले नाही, आणि लोकांनीही त्यांना एकटे सोडले नाही.

आपल्या गावात हे अवघड का असावे? रोग्याला भेटावयास जाताना गोळी लागू पडलेली असते ती वेळ घरच्यांस विचारून जावे. त्याच्यासमोर बसावे, प्रश्न त्यालाच विचारावा आणि उत्तरास उशीर लागला तरी वाक्य आपण पुरे करू नये. पेला अर्धाच भरावा. रोजरीची प्रार्थना कधी त्याच्या घरी ठेवावी आणि एक रहस्य त्याच्याकडे सोपवावे. मिस्सेला नेण्यास कोणी तरुणाने पुढे यावे. अहोरात्र सेवा करणाऱ्या पत्नीस किंवा सुनेसही घटकाभर विसावा द्यावा. तीही एकटीच पडलेली असते.

योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दाच्या तळ्याकाठचा रोगी आहे. अडतीस वर्षे तो आजारी होता. बरे व्हावयाचे आहे काय, असे प्रभूने विचारताच त्याने आपल्या दुखण्याचे वर्णन केले नाही. आपल्याला तळ्यात उतरविणारे कोणी नाही, हेच गाऱ्हाणे त्याने मांडले. ते गाऱ्हाणे आपल्या धर्मग्रामातील एकाही घरातून उठू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.