चार मिनिटांचे अंतर

पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत फिरते, असे आपण शाळेत शिकलो. वस्तुतः ताऱ्यांच्या संदर्भात हे परिवलन २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण होते; हाच नाक्षत्र दिन. तेवढ्या अवधीत पृथ्वी सूर्याभोवतीही सुमारे एक अंश सरकते. म्हणून सूर्य पुन्हा मध्यान्ही येण्यास तिला आणखी चार मिनिटे फिरावे लागते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरून आज उगवताना दिसलेला तारा महिन्याने दोन तास आधी उगवतो, तो यामुळेच. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास दिलेल्या भगणसंख्येवरूनही हाच काल निघतो. ग्वाल्हेरनरेश माधवराव शिंदे यांनी १९२३ साली उज्जयिनीच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार करविला. तो वारसा जपायचा, तर पाठ केलेली संख्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी आकाशाकडे पाहून पडताळावी.