विश्लेषण : वेल्सने गाण्यातून भाषेचा अभिमान जपला, मराठवाड्यातील ओवी, गोंधळाचे काय?

निजामाच्या हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. त्या काळात नांदेड-लातूर भागातील खेड्यांत मराठीला मोठा आधार होता तो घरातल्या बोलीचा आणि गाण्याचा. आता यातली काही गाणी टिकून आहेत, तर काही ऐकू येईनाशी झाली आहेत. असे का?

कोणती गाणी टिकली?

गोंधळ टिकला, कारण तो कुळाचार आहे. लग्नानंतर देवीचा गोंधळ घालण्याची प्रथा अनेक घरांत आजही पाळली जाते. नांदेड जिल्ह्यातील माहूरची रेणुकामाता आणि लातूरकरांना जवळची तुळजापूरची भवानी, या दोन्ही शक्तिपीठांमुळे गोंधळी आणि आराधी यांच्या गाण्यांना श्रोते मिळतात. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत वाघ्या-मुरळींना हक्काची जागा आहे. थोडक्यात, जिथे गाण्याचा प्रसंग उरला, तिथे संबळ आणि तुणतुणेही उरले.

ओवी मागे का पडली?

ओवीला देवळाचा किंवा मंचाचा आधार नव्हता. पहाटे दळताना बाया माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास असे सगळे ओवीतून मांडत. गावात पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र जाते थांबले आणि गाण्याचा प्रसंगही संपला. ओवीबरोबर बोलीतले शब्दही मागे पडतात.

राज्यगीत आहे, मग चिंता कशाला?

राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी संगीतबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांनी गायलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत आहे. मूळ गीतात नांदेडच्या काठची गोदावरी आहे. लातूरची मांजरा नाही. यात गीताचा दोष नाही. एका गीतात सगळा प्रदेश मावत नाही. म्हणूनच राज्यगीताच्या जोडीला गावोगावची गाणी लागतात.

वेल्सने काय केले?

ब्रिटनमधील वेल्सवर इंग्रजीचा मोठा दाब आहे. तिथे दरवर्षी ‘आयस्टेडफॉड’ हा गाणे आणि कवितेचा राष्ट्रीय महोत्सव भरतो आणि त्याच्या मंचावर वेल्श भाषाच चालते. डॅविड इवान यांचे १९८३ मधील ‘अमा ओ हीड’ (आम्ही अजून इथेच आहोत) हे गीत २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात वेल्स संघाचे अधिकृत गीत झाले. ६४ वर्षांनी विश्वचषक गाठलेल्या संघासोबत ते जगभर पोहोचले.

तरीही आकडे सावध करतात. वेल्श बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेत १९ टक्के होते, ते २०२१ मध्ये १७.८ टक्क्यांवर आले. गाणे अभिमान देते. पण भाषा घरात आणि शाळेत बोलली तरच टिकते.

आपल्याकडे नोंद झाली आहे का?

हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रभरातील एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’वर त्या टप्प्याटप्प्याने उपलब्ध होत आहेत. मोबाइलवर त्या ऐकताही येतात.

पुढे काय करता येईल?

संग्रहामुळे ओवी जपली जाईल. ती गायली जाण्यासाठी मात्र नवा प्रसंग हवा. शाळेच्या स्नेहसंमेलनात आजींच्या ओव्या, १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला स्थानिक गोंधळी, आराधींना मानधनासह मंच, ही सुरुवात अवघड नाही. ज्यांना या ओव्या तोंडपाठ आहेत, त्या पिढीचे वय मात्र वाढत चालले आहे.