नाडी मंदावली, तो आळस नव्हता!

गेल्या पावसाळ्यात माझी धाकटी जाऊ आमचे दोन जिने चढून आली आणि शेवटच्या पायरीवर बसूनच राहिली. वय अवघं पस्तीस! अंग जड, आवाज घोगरा, फणीत रोज केसांचा पुंजका. घरात सगळ्यांचं एकच निदान, "आळस वाढलाय." खरं सांगते, मीही त्यात सूर मिसळला होता. डॉक्टरांनी मनगट धरलं, तर ठोके मिनिटाला ५२. रक्त तपासल्यावर कळलं, थायरॉईड ग्रंथी मंदावली आहे.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, गळ्यातल्या ग्रंथीचा हृदयाशी काय संबंध? मलाही तेच कोडं पडलं, म्हणून थोडं वाचून काढलं.

ही ग्रंथी मुख्यतः चार आयोडीनचं संप्रेरक तयार करते. शरीरात त्यातलं एक आयोडीन गळून टी-थ्री बनतं, आणि खरं काम हेच करतं. ते रक्तातून हृदयाच्या स्नायूपेशीत शिरतं, थेट केंद्रकात जातं. तिथे जनुकं असतात. पाककृतींची जाडजूड वही समजा ना! काही पानांवर एक प्रथिन हात ठेवून बसलेलं असतं. टी-थ्री नसेल तेव्हा ते पान दाबून धरतं. टी-थ्री येऊन चिकटलं की तेच पान उघडतं आणि पाककृती उतरवून घेतली जाते. हे 'हात ठेवणारं' प्रथिन ओळखू आलं १९८६ साली.

आता गंमत पाहा. हृदय आकुंचन पावतं ते पेशीत कॅल्शियम सुटल्यावर. पुन्हा सैल व्हायचं तर ते कॅल्शियम कोठीत परत भरावं लागतं. हे भरणाऱ्या पंपाचं पान टी-थ्री उघडतं, आणि त्या पंपाला ब्रेक लावणाऱ्या प्रथिनाचं पान मिटवतं. संप्रेरक कमी पडलं की पंप थोडे, ब्रेक जास्त! हृदय सैल व्हायलाच वेळ लावतं. ठोक्यांची गती ठरवणाऱ्या जनुकांवरही त्याचा असाच अंमल. बिचारी जिना चढणार कशी?

गोळी सुरू झाल्यावर आठव्या दिवशी जाऊ कुरकुरली, "ताई, काही फरक नाही हो!" डोकेदुखीच्या गोळीसारखं हे नाही. रक्तातली पातळी स्थिरावायलाच आठवडे लागतात, मग नवी प्रथिनं घडायची. म्हणून डॉक्टर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायला सांगतात.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर मध्ये चार तास जाऊ द्यावेत, नाहीतर औषध नीट शोषलंच जात नाही. दिवस राहिल्याची शंका आली तर डॉक्टरांना लगेच कळवा, मात्रा बहुधा वाढवावी लागते. आणि एक, वजन उतरवायला म्हणून शेजारणीची गोळी मुळीच घेऊ नका! संप्रेरक जास्त झालं की हृदय धडधडतं, ठोके अनियमितही होतात.

परवा जाऊ आली ती थेट स्वयंपाकघरात. मी पीठ मळता मळता हात पुसून तिचं मनगट धरलं. ७२.

"आता आळशी म्हणा!" ती म्हणाली.