पालुपद किती वेळा?
अल्झायमरचा धोका कधी जनुकातील अक्षरांत नव्हे, तर त्यांच्या पुनरावृत्तीत दडलेला असतो. १९व्या गुणसूत्रावरील ‘एबीसीए७’ जनुकात सुमारे २५ अक्षरांचा तुकडा पालुपदासारखा पुन्हापुन्हा येतो. ही लांबी ५,७०० अक्षरांपलीकडे गेलेल्यांत धोका अधिक आढळतो, असे बेल्जियममधील संशोधकांनी २०१८ साली दाखवले. पण प्रचलित यंत्रे डीएनए साधारण १५० अक्षरांच्या तुकड्यांत वाचतात. त्यात सहाच पालुपदे मावतात. मग शेजारच्या भागापेक्षा इथले तुकडे किती जास्त, यावरून संगणक एकूण लांबीचा अंदाज बांधतो. तो मात्र आईवडिलांकडून आलेल्या दोन प्रतींची बेरीज असतो. एक लांब, एक आखूड, की दोन्ही मध्यम? याचा उलगडा सलग, लांब वाचनाने होतो. आणि आकडा मोठा निघाला, तरी ती शक्यता असते, भाकीत नव्हे.