ज्वारीच्या लाह्या, शेंगदाणे आणि सुका मेवा यांची पौष्टिक वडी

शेतात पिकलेल्या मालाचे मोल बहुधा बाजारभावावरूनच ठरविले जाते. ज्वारी किती पोती झाली, भुईमूग कोणत्या दराने गेला, याचा हिशेब घरोघरी होतो. परंतु त्या मालापैकी घरातील मुलांच्या व कष्टकरी माणसांच्या मुखी किती गेला, याचा हिशेब क्वचितच ठेवला जातो. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस व त्याच्या आसपासचा मुलूख काळ्या जमिनीचा आहे. या जमिनीत रब्बीची ज्वारी होते, पाण्याची सोय असेल तेथे उन्हाळी भुईमूग होतो आणि तीळ व जवस ही पिके शेतकऱ्यांच्या परिचयाची आहेत. असे असूनही शेतमाल बाजारात जातो आणि त्याच बाजारातून मुलांसाठी बिस्किटांचे पुडे घरी येतात. हा व्यवहार कितपत फायद्याचा आहे, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

शहरांतील दुकानांत हल्ली ‘ग्रॅनोला बार’ या नावाच्या वड्या विकल्या जातात. भाजलेले धान्य, कठीण कवचाची फळे, सुकविलेली फळे आणि ती एकत्र बांधणारा गोड पाक, एवढेच त्यांचे स्वरूप असते. ग्रॅनोलाचा उगम अमेरिकेतील एका आरोग्यधामात झाला. डॉ. जेम्स जॅक्सन यांनी १८६३ मध्ये अख्ख्या गव्हाच्या पिठाचा भाजून कडक केलेला चुरा तेथे रुग्णांना देण्यास आरंभ केला. पुढे त्याचे रूप पालटत गेले आणि त्याच्या वड्या निघाल्या. आपल्याकडील गृहिणींना ही कल्पना मुळीच नवी नाही. संक्रांतीचा तिळगूळ, राजगिऱ्याची वडी, लोणावळ्याची चिक्की आणि बाळंतिणीसाठी केलेले खारीक-खोबऱ्याचे लाडू हे सर्व त्याच कुळातील पदार्थ होत. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या तर आपल्या घरी फुटतातच. त्या लाह्या, शेतातील शेंगदाणे व तीळ आणि थोडा सुका मेवा यांची वडी केली, तर ती शेतावर नेण्यास सोयीची व मुलांच्या दप्तरात ठेवण्याजोगी होते.

वडी कशासाठी?

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर बालकांपैकी सुमारे ६९ बालकांत, आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. एखाद्या वडीने रक्तक्षय बरा होतो, असे कोणी समजू नये. त्यासाठी वैद्यकीय तपासणी, लोहाच्या गोळ्या, जंतनाशक औषध आणि रोजचा चौरस आहार यांची आवश्यकता आहे. परंतु दोन जेवणांच्या मधल्या वेळी मुलाच्या हाती मैदा व साखर यांचा पदार्थ द्यावयाचा की धान्य, दाणे व तीळ यांचा, ही निवड सर्वस्वी आपल्या हाती आहे.

शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. न सोललेल्या शंभर ग्रॅम तिळांत १२०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळांत ते पुष्कळच कमी होते, म्हणून तीळ टरफलासहच वापरावेत. ज्वारीच्या बाबतीत तर परभणीचा अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ व हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्था यांच्या सहकार्यातून २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हा लोह व जस्त अधिक असलेला ज्वारीचा वाण प्रसारित झाला.

सामग्री

सुमारे एक किलो वडीसाठी पुढील प्रमाण घ्यावे : निवडलेले शेंगदाणे २५० ग्रॅम, ज्वारीच्या लाह्या १०० ग्रॅम, तीळ १०० ग्रॅम, जवस ५० ग्रॅम, बी काढलेली खारीक ७५ ग्रॅम, मनुका किंवा सुकविलेली बोरे ७५ ग्रॅम, गूळ ३५० ग्रॅम, दोन चमचे तूप आणि चवीपुरती सुंठ अथवा वेलदोड्याची पूड. याच्या तीस ते तेहतीस वड्या होतात. तीस ग्रॅमच्या एका वडीत सुमारे १३० कॅलरी ऊर्जा व ३ ग्रॅम प्रथिने मिळतात.

बदाम, काजू, अक्रोड घातल्याखेरीज वडी पौष्टिक होत नाही, हा समज चुकीचा आहे. प्रथिनांच्या बाबतीत शेंगदाणे बदामापेक्षा उणे नाहीत. वडीचा खरा कस तीन गोष्टींत आहे : दाण्यांची निवड, प्रत्येक जिनसाचा कोरडेपणा आणि पाकाची पारख. या तिन्ही गोष्टींना पैसा नव्हे, लक्ष लागते.

दाण्यांची निवड : येथे दुर्लक्ष नको

उन्हाळी भुईमुगाची काढणी मे-जूनच्या सुमारास होते आणि पुष्कळदा मृगाचा पाऊस डोक्यावर येऊन ठेपलेला असतो. घाईत अर्धवट वाळलेल्या शेंगा पोत्यांत भरल्या की आतल्या आत बुरशी धरते. ॲस्परजिलस जातीच्या या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतास अपाय करते व दीर्घकाळ पोटात जात राहिल्यास यकृताच्या कर्करोगास कारण होऊ शकते. दाणे भाजल्याने हे विष पूर्णपणे नाहीसे होत नाही. गुळात घोळल्यावर तर दाण्याचा कडवटपणाही कळत नाही. म्हणूनच वडीसाठी दाणे निवडताना डोळस राहिले पाहिजे.

शेंगा चांगल्या वाळवाव्यात. दाण्यांतील ओलावा शेकडा ८ च्या खाली आला पाहिजे. मूठभर शेंगा कानाशी हलविल्या असता आतील दाणे खुळखुळ वाजले, तर त्या वाळल्या असे साधारणपणे समजावे. नंतर दाणे सुपात पसरून सुरकुतलेले, काळपट, हिरवट-पिवळी बुरशी असलेले, किडके व फुटके दाणे वेचून काढावेत. असे दाणे तेलासाठी घाण्यावर देऊ नयेत आणि दुभत्या जनावरांसही घालू नयेत, कारण या विषाचा अंश दुधात उतरतो. ते जमिनीत खोल पुरून टाकावेत. मूठभर दाण्यांची हळहळ वाटून ते घरात वापरणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

लाह्या कशा फोडाव्यात?

ज्वारीचा दाणा तापला म्हणजे त्यातील पाण्याची वाफ होते. कठीण टरफल ती काही काळ कोंडून धरते आणि अखेर दाणा फुटून लाही उमलते. दाणा अति कोरडा असल्यास वाफ पुरेशी होत नाही. अति ओला असल्यास टरफल मऊ पडून दाणा नुसताच भाजला जातो. यासाठी ज्वारीवर कोमट पाण्याचा हबका मारून ती फडक्यात घट्ट बांधून रात्रभर ठेवावी व सकाळी थोडा वेळ सावलीत पसरावी. लोखंडी कढई खूप तापल्यावर एका वेळी एकच मूठ ज्वारी टाकावी, कापडाच्या बोळ्याने सारखी हलवावी आणि फुटू लागताच झाकण ठेवावे. सर्व वाणांच्या लाह्या सारख्या होत नाहीत. लहान, टणक दाण्याच्या लाह्या बहुधा अधिक चांगल्या फुटतात. म्हणून घरच्या ज्वारीची आधी मूठभर परीक्षा घ्यावी. न फुटलेले गणंग चाळून काढावेत, नाहीतर ते दाताखाली येतात.

सुकी फळे

खारीक कुटून तिची भरड करावी. मनुका स्वच्छ करून कडक उन्हात तास-दोन तास ठेवावी व मग खारकेच्या भरडीत घोळावी. असे करण्याचे कारण ध्यानात घेण्याजोगे आहे. मनुकेत बराच ओलावा असतो. तो हळूहळू शेजारच्या लाह्यांत उतरतो व कुरकुरीत लाही चिवट होते. खारकेचा कोरडा लेप हा ओलावा काही अंशी अडवितो आणि मनुका एकमेकींस चिकटतही नाहीत.

विकतची मनुका परवडत नसेल, तर बांधावरची बोरे कामास येतात. पिकलेली, न किडलेली बोरे धुऊन उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवावीत, निथळून पातळ कापडाखाली उन्हात वाळवावीत आणि बी काढून गराचे तुकडे करावेत. तुकडा बोटांत दाबला असता रस सुटता कामा नये. माशा व धूळ यांपासून वाळवण जपावे.

पाक व वडी

शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजून, सोलून, पाखडून जाडसर भरडावेत. तीळ तडतडेपर्यंत भाजावेत. जवस भाजून भरडावा. तो लागेल तेवढाच भरडावा, कारण भरडलेला जवस लवकर खवट होतो. लाह्या पाक करण्यापूर्वी पुन्हा एकदा कोरड्या कढईत गरम करून हातानेच किंचित चुराव्यात. सर्व जिन्नस एका परातीत एकत्र करून ठेवावेत. पाक झाल्यावर शोधाशोध करण्यास सवड मिळत नाही.

गूळ चिरून त्यात अर्धी वाटी पाणी घालून विरघळवावा व गाळून घ्यावा, म्हणजे त्यातील कचरा निघून जाईल. नंतर तूप घालून मध्यम आचेवर ढवळत राहावे. फेस येऊन पाक दाट होऊ लागला की वाटीतील थंड पाण्यात त्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब पाण्यात पसरला, तर पाक कच्चा आहे. त्याची बोटांनी घट्ट गोळी वळली, तर पाक गोळीबंद झाला. या वडीस हाच पाक योग्य. थेंब कडक होऊन तडकन मोडू लागला, तर तो चिक्कीचा पाक झाला. त्यात मनुका व बोरे कडक होतात आणि वडी लहान मुले व वृद्ध यांना चावत नाही.

पाक गोळीबंद होताच कढई खाली उतरवून परातीतील मिश्रण व सुंठ घालावी आणि उलथन्याने भराभर कालवावे. तूप लावलेल्या ताटात ते अर्धा इंच जाडीचे पसरावे व वाटीच्या तळाने जोर देऊन दाबावे. दाब कमी पडल्यास वडी नंतर भुगा होते. कोमट असतानाच सुरीने वड्या पाडाव्यात आणि पूर्ण निवल्यावर उचलाव्यात.

साठवण व वापर

वड्या गरम असताना डब्यात भरू नयेत. आतील वाफेचे पाणी होऊन बुरशी येते. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात त्या ठेवाव्यात व दोन ते तीन आठवड्यांत संपवाव्यात. पावसाळ्यात थोड्याच वड्या कराव्यात. खवट वास आला किंवा बुरशीचा ठिपका दिसला, तर वडी खाऊ नये.

शाळकरी मुलास दिवसाकाठी एक व शेतात राबणाऱ्या माणसास एक-दोन वड्या पुरेत. ही वडी जेवणाची जागा घेऊ शकत नाही. भाकरी, वरण, पालेभाजी यांस ती केवळ जोड होय. वडीबरोबर पेरू किंवा आवळा खाल्ल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह अंगी लागण्यास साहाय्य होते. वडीवर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा त्यात अडथळा आणतो. गूळ हीसुद्धा साखरच आहे, हे मधुमेही व्यक्तींनी विसरू नये. दोन वर्षांखालील बालकांस गोड वडी देऊ नये आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दाण्यांचे बारीक कूट करूनच वडी करावी. अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. शेंगदाणे किंवा तीळ खाल्ल्याने ज्यांच्या अंगावर गांधी उठतात वा श्वास लागतो, त्यांनी ही वडी वर्ज्य करावी.

विक्रीचा विचार

महिला बचत गटांना हा पदार्थ विक्रीसाठीही करता येईल. मात्र आरंभी हिशेब मांडावा. घरच्या दाण्यांचीही त्या दिवशीच्या बाजारभावाने किंमत धरावी. त्यात गूळ, मेवा, सरपण, वेष्टन व स्वतःची मजुरी मिळवून वड्यांच्या संख्येने भागावे. घरचा माल फुकट धरून केलेला हिशेब नफा दाखवितो, पण गटास तोट्यात नेतो. विक्रीपूर्वी २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यान्वये नोंदणी करून घ्यावी. वेष्टनावर घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख व वापरण्याची मुदत छापावी, तसेच शेंगदाणे व तीळ असल्याची स्पष्ट सूचना द्यावी. प्रशिक्षणासाठी परभणी येथील कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयाकडे किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे विचारणा करावी.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी या वडीचे प्रात्यक्षिक महिला मंडळात अवश्य घ्यावे. त्यात पाककृतीइतकाच वेळ दाणे निवडण्यास द्यावा. एका सुपात निवडलेले व दुसऱ्यात टाकून दिलेले दाणे समोरासमोर ठेवून दाखवावेत, म्हणजे पुष्कळ सांगण्याची गरज उरणार नाही. आणि शेतकरी बंधूंनी येत्या हंगामात भुईमुगाची पोती बाजारात धाडण्यापूर्वी, चांगल्या वाळलेल्या व निवडलेल्या दाण्यांचे एक पायली माप घरासाठी बाजूस काढावे. ते बियाण्याप्रमाणेच राखावे, कारण त्यावर घरातील मुलांची वाढ अवलंबून आहे.